लिटरमागे वीस

पहिल्याच भेटीत काकांनी मला माझं वजन विचारलं.

जमीनमोजणीच्या कचेरीत मी नुकतीच लागले होते. सकाळी नागावच्या थांब्यावर एसटीची वाट बघत उभी होते, तेव्हा एक पांढरी छोटी गाडी माझ्या दिशेने यायला लागली आणि बराच वेळ येतच राहिली. इतकी सावकाश गाडी चालवणारा माणूस एक तर शिकाऊ असतो नाहीतर पत्ता शोधत असतो, असा तोवर माझा समज होता. गाडी बरोबर माझ्यासमोर थांबली, तीही ब्रेक न लावता, नुसती दमून थांबावी तशी. आत आमच्या कचेरीतले सगळ्यात जुने मोजणीदार बसले होते, हेच काका.

"तू आपल्याकडे नवीन लागलीस ती ना? मी रोज चौलहून येतो. वजन किती तुझं?"

माझं लग्न ठरायचं होतं, आणि हा प्रश्न तोवर मला फक्त मुलाकडच्या बायकांनी विचारला होता, तोही आडून आडून. मी घाबरून खरं सांगून टाकलं. "बावन्न."

"डबा धरून?"

"डबा वेगळा."

त्यांनी मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला आणि दार उघडलं. "बस. पण पिशवी मांडीवर घेऊ नकोस, खाली ठेव." पिशवी मांडीवर घेतल्याने तिचं वजन कसं वाढतं हे मला आजही कळलेलं नाही. विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की काका समजावून सांगायचे.

पुढची बरीच वर्षं मी त्या गाडीतून अलिबागला गेले. माझं लग्न झालं, सासर नागावातच मिळालं, दोन मुलं झाली, आणि दर वेळी कामावर परत रुजू झाल्यावर काकांनी नव्याने वजन विचारून घेतलं. दुसऱ्या बाळंतपणानंतर मी सांगितलेल्या आकड्यावर त्यांनी "हं" एवढंच म्हटलं. त्या आठवड्यात डिकीतला जॅक घरी गेला.

एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, म्हणजे आपण ज्याला अ‍ॅव्हरेज म्हणतो, ते बहुतेक माणसं गाडी घेताना एकदा विचारतात आणि विसरून जातात. काकांना दुसरं काही आठवतच नसे. कचेरीत कुणी "काय साहेब, कसं काय?" म्हटलं की ते म्हणायचे, "एकवीस पॉइंट तीन." कधी म्हणायचे, "जरा खाली आहे. दोन दिवस वारा समोरून होता." नवा शिपाई बिचारा महिनाभर असं समजत होता की साहेबांना साखरेचा त्रास आहे आणि ते रक्ताचा रिपोर्ट सांगतात. एकदा त्याने त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा आणला.

माणूस कंजूष नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. चहाचे पैसे त्यांनी कधी कुणाला देऊ दिले नाहीत. वाडीतले आंबे अर्ध्या कचेरीत वाटले जायचे. पेट्रोलचा भाव वाढला की सगळे हळहळायचे, आणि काकांना तो भाव किती आहे हेही माहीत नसायचं. त्यांचं भांडण पैशाशी नव्हतं. एक लिटर पेट्रोल दिलं तर त्यातून गाडी जास्तीत जास्त किती जाऊ शकते, एवढ्याच प्रश्नाशी त्यांचं काय ते वैर होतं.

त्यासाठी त्यांनी काय काय सोडलं होतं ते ऐका. उजव्या पायात चप्पल घालून ते कधी गाडी चालवत नसत. "चपलेतून इंजिनाचं बोलणं ऐकू येत नाही," म्हणायचे. ती चप्पल सीटच्या मागे असायची, आणि वर्षातून दोन-तीनदा तरी काका एका पायात चप्पल घालून कचेरीचा जिना चढायचे. काकूंनी गाडीची पूजा केली त्या दिवशी एक पितळी गणपती पुढे ठेवला होता. तो आठवड्याने देवघरात गेला आणि त्याच्या जागी कागदाचा गणपती चिकटवला गेला. एसी होता, पण त्याच्या बटणावर त्यांनी चिकटपट्टी लावली होती. काचा चाळीसच्या खाली उघड्या आणि चाळीसच्या वर बंद, असा कायदा होता, आणि एप्रिलमध्ये आम्ही मनापासून प्रार्थना करायचो की गाडी चाळीसच्या वर न जावो. ती फारशी जायचीही नाही. आक्षीच्या पुलापर्यंत एक सायकलवाले गृहस्थ काकांशी गप्पा मारत सोबत यायचे, आणि पुलानंतर त्यांना घाई असली की पुढे निघून जायचे.

"ब्रेक मारणं म्हणजे आपण आधी चुकलो याची कबुली आहे," असं त्यांचं एक वाक्य होतं. ती कबुली द्यायची वेळ येऊ नये म्हणून चौल ते अलिबाग रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं त्यांनी स्वभावासकट ओळखून ठेवलं होतं. "हे पांढरं बसून राहील. पुढचं काळं मात्र दुकान उघडलं की रस्ता ओलांडतं." आणि काळं कुत्रं खरोखर ओलांडायचं. शनिवारी मुंबईचे पर्यटक आले की मात्र त्यांचं काही चालत नसे. एकदा मांडव्याच्या वाटेवर चोंढीच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागली होती तेव्हा त्यांनी बाजूच्या मोठ्या थोरल्या गाडीतल्या माणसाला विचारलं होतं, "किती देते?" तो अभिमानाने म्हणाला, "आठ." काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता हे उतरून त्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवणार.

पण या सगळ्याच्या वर होतं ते टाकी फुल करणं.

अ‍ॅव्हरेज काढायची काकांची रीत एकच. टाकी काठोकाठ भरायची, गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं पेट्रोल मावलं तेवढं खर्च झालं. यातली मेख काठोकाठ या शब्दात आहे. पंपावर नळी आपोआप बंद होते, त्याला कट म्हणतात. जगाची टाकी कटला भरते. काकांची भरत नसे. त्यांच्या मते टाकीच्या कोपऱ्यांत हवा अडकून राहते, कधी जास्त, कधी कमी, आणि ती काढल्याशिवाय आकडा खोटा. म्हणून कट झाला की ते खाली उतरायचे, आम्हालाही उतरवायचे, आणि आम्ही गाडी हलवायचो. दोन्ही हात टपाला लावून डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. आत पेट्रोल गुळगुळ बोलायचं, पातळी खाली जायची, मग पुन्हा थोडं भरायचं, पुन्हा हलवायचं. तोंडाशी पेट्रोल दिसेपर्यंत हे चालायचं. महिन्यातून दोनदा सकाळी अलिबागच्या पंपावर एक पिकल्या केसांचे मोजणीदार आणि साडी नेसलेली एक कारकून बाई उभ्या गाडीला झोके देताना लोकांनी पाहिली आहे. त्यात माझ्या सासरचेही होते.

पंपावरच्या ताई काकांना पुरत्या ओळखून होत्या. "झाला कट, काका," म्हणून त्या नळी हातात धरून उभ्या राहायच्या. "हलवा आता. गारी हाय का पालना हाय, तेच मना कलत न्हाय."

"तुम्ही झिरो केलंत ना?"

"क्येला झिरो. तुमच्यापुरं आमी चुकीचं करू व्हय?"

एक गोष्ट त्यांच्या नोकरीतली सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काकांच्या वाडीचा आणि शेजाऱ्याच्या वाडीचा हद्दीवरून वाद होता. मोजणीला अर्थातच दुसरा मोजणीदार गेला. शेजाऱ्याच्या दगडापासून टेप धरली, खूण पडली, आणि तीन नारळ काकांच्या बाजूला आले. शेजारीही मुकाट्याने मान हलवून मोकळा झाला. काका पायरीवर बसून बघत होते. ते उठले आणि म्हणाले, "टेपेला मधे झोळ आहे. ताणून धर." टेप ताणली, खूण वीतभर सरकली, पुढच्या दगडाशी आणखी सरकली, आणि तिन्ही नारळ शेजाऱ्याचे झाले. काकू म्हणतात, त्या दिवसापासून त्यांनी खोबरं विकत आणल्यासारखं जपून वापरलं. शेजारी अजूनही दर महिन्याला त्या झाडांचे चार नारळ आणून देतो, आणि काका ते घेत नाहीत, आणि काकू मागच्या दाराने घेतात.

निवृत्त झाल्यावर काका रोज अलिबागला यायचे थांबतील असं सगळ्यांना वाटलं. ते थांबले नाहीत. आठवड्यातून चार दिवस मला नागावला घ्यायचे, कचेरीशी सोडायचे, आणि परत जायचे. मी एकदा म्हटलं, "काका, माझ्यासाठी उगाच कशाला पेट्रोल जाळता?" तर म्हणाले, "न जाळता आकडा कसा कळणार?" कमी पेट्रोल लागतं हे बघण्यासाठी रोज पेट्रोल जाळणारा माणूस जगात दुसरा नसेल. मला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजलेल्या माणसाकडे आता मोजायला एवढंच उरलं होतं.

आता माझ्या हातून काय घडलं ते सांगते. मला कामासाठी पेणला जायचं होतं आणि काका घेऊन गेले होते. परत येताना कार्ले खिंडीचा उतार लागला आणि काकांनी इंजिन बंद केलं. "चावी एकच घर मागे घ्यायची," ते मला शिकवायला लागले, "दोन घरं घेतली तर स्टेअरिंग अडकतं." गाडी गुपचूप उताराला लागली. छान वाटत होतं, खोटं कशाला बोलू. वळणापलीकडे म्हशी होत्या. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टेअरिंग वळता वळत नाही, हे मला तेव्हा कळलं. काकांनी ब्रेकवर दोन्ही पाय ठेवले, एक चपलेचा आणि एक उघडा. गाडी म्हशींना टाळून रस्ता सोडून एका चहाच्या टपरीपुढच्या मोकळ्या जागेत गेली आणि बाकड्याला टेकून उभी राहिली. बाकड्यावर वडा खात बसलेल्या माणसाने फक्त बशी वर उचलली. टपरीवाल्याने विचारलं, "दोन चहा?" काका गाडीच्या आकड्याकडे बघत होते. "पावणेदोन किलोमीटर," म्हणाले, "शून्य पेट्रोल."

ही हकिगत मी गणपतीत त्यांच्या घरी सांगितली, सगळ्यांना हसवण्यासाठी. काकू हसल्या, आलेली मंडळी हसली. त्यांचा एकुलता एक मुलगा ठाण्याहून आला होता, तो हसला नाही. "खिंडीत?" त्याने विचारलं. "इंजिन बंद करून?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले.

त्याचं चुकत होतं असं नाही. वडील सत्तरीला टेकलेले, गाडी सोळा वर्षांची, आणि खिंडीत म्हशी. त्याने दुसऱ्याच दिवशी विषय काढला. ही गाडी भंगारात द्यायची, आणि तो एक नवी ऑटोमॅटिक घेऊन देणार. काका म्हणाले, "ही एकवीस देते. सोळा वर्षांची गाडी एकवीस देते, ती भंगार कशी?"

"बाबा, कंपनी सांगते तो आकडा प्रयोगशाळेतला आणि तुमचा तपश्चर्येचा. माणसं चालवतात तशी चालवली तर ती किती देते?"

"वीसच्या खाली येणार नाही."

"एसी लावून? तिघं बसून? उतारावर इंजिन चालू ठेवून?"

पेट्रोलमध्ये उसाचं काहीतरी मिसळायला लागल्यापासून काकांचा आकडा थोडा उतरला होता, हे त्यांना आणि मला दोघांनाच माहीत होतं. "वीस," ते म्हणाले.

असं ठरलं. शंभर किलोमीटर, सगळ्या दुनियेसारखे. वीस आले तर गाडी राहील आणि मुलगा पुन्हा कधी बोलणार नाही. वीसच्या खाली आले तर काका चावी देतील आणि तेही पुन्हा कधी बोलणार नाहीत. "पंच कोण?" काकांनी विचारलं, आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मला कुणी विचारू नका. माझ्यापेक्षा कमी खाते म्हणून ती गाडी लाडकी आहे. मला या वयात एकदा तरी एसीत बसून माहेरी जायचंय."

पुढच्या रविवारसाठी मुलगा आदल्या संध्याकाळी रो-रो बोटीने मांडव्याला उतरून आला. सकाळी काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. मुलाला त्यांनी अंगणातच विचारलं, "वजन?"

"ब्याऐंशी."

"गणपतीत ऐंशी होतं."

"तुमच्याकडचेच मोदक, बाबा."

काकूंनी तिघांच्या हातावर दही-साखर घातली. मग गाडीलाही हळदकुंकू लावायला मागे गेल्या, आणि डिकी उघडल्याचा आवाज मला आला. मी पंच होते, मी बघायला हवं होतं. पण मला वाटलं, आतून लावत असतील.

पंपावर टाकी फुल केली. काकांनी आणि मी नेहमीसारखी गाडी हलवली. मुलगा दूर, हवा भरायच्या यंत्रापाशी जाऊन फोन बघत उभा राहिला. तो मला नंतर म्हणाला, शाळेत असताना एकदा त्याच्या वर्गातल्या मुलांनी हा प्रकार पाहिला होता, तेव्हापासून तो पंपावर गाडीच्या जवळ उभा राहत नाही. तोंडाशी पेट्रोल दिसलं, ताईंनी झाकण लावलं, आणि काकांनी किलोमीटरचा आकडा शून्य केला.

पेणच्या नाक्यापर्यंत जाऊन परत, आणि मग मांडव्याच्या जेट्टीपर्यंत जाऊन परत, असा रस्ता होता. पेणपर्यंत काचा उघड्या ठेवायची परवानगी होती. नाक्यावर वळल्यावर मुलाने हात पुढे करून एसीच्या बटणावरची चिकटपट्टी काढली. इतकी वर्षं मी त्या गाडीत बसले होते, एसी चालतो की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. आधी धूळ आली, मग थंड हवा आली. काका कानकोंडे होऊन बसले होते. इंजिनाचा आवाज बदलला तसा त्यांचा चेहरा बदलला. खिंडीच्या उतारावर त्यांचा हात आपोआप चावीकडे गेला, मुलाने नुसतं "बाबा" म्हटलं, आणि हात परत आला. ती टपरी गेली. टपरीवाल्याने ओळखून हात केला.

मांडव्याच्या रस्त्याला रविवार होता. चोंढीला पंधरा मिनिटं आम्ही जागचे हललो नाही. एसी चालू, इंजिन चालू, गाडी उभी. काका समोर बघत होते. घाम मला येत होता, थंड हवेत. मला मनातून ती गाडी राहायला हवी होती, हे मी कबूल करते. पंचाने असं वाटून घ्यायचं नसतं, पण तोंड मीच उघडलं होतं आणि गाडी त्यांची जाणार होती.

परत पंपावर आलो तेव्हा आकडा एकशे दोन किलोमीटर दाखवत होता. म्हणजे पाच लिटर आणि वर दहावा हिस्सा, एवढ्यात भागलं पाहिजे होतं. ताईंनी झिरो दाखवलं आणि नळी लावली. आम्ही तिघं यंत्राकडे बघत होतो. चार लिटर झाले. साडेचार झाले. चार पॉइंट ब्याण्णव लिटरला कट झाला.

मी फोनवर भागाकार केला. "वीस पॉइंट सात," मी म्हणाले, आणि माझा आवाज जरा मोठाच आला.

मुलाने दोन्ही हात वर केले आणि हसला. खरं हसला. "जिंकलात, बाबा. एसी लावून वीस पॉइंट सात. ठेवा तुमची गाडी. खिंडीत इंजिन मात्र बंद करायचं नाही, एवढं वचन द्या."

ताई नळी काढायला लागल्या. काका म्हणाले, "थांबा."

ते खाली उतरले. चप्पल घालायचीही राहिली. "हलवली नाही," म्हणाले.

मी म्हटलं, "काका, राहू दे ना." पंच असून म्हटलं.

"सकाळी हलवली होती. सकाळी काठोकाठ होती, आता कटला आहे. हे एक मोजमाप नाही झालं."

"काका, जिंकलाव ना तुमी," ताई म्हणाल्या. "आता गप घरा जावा."

काकांनी एकट्याने दोन्ही हात टपाला लावले आणि हलवायला सुरुवात केली. एकट्याने ती नीट हलत नव्हती. एक पाय अनवाणी, खालचं काँक्रीट तापलेलं, आणि पांढरे केस पुढे आलेले. मी मदतीला उतरले नाही. हा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःची गाडी घालवत होता आणि मला त्याचा राग आला होता, भयंकर राग. तेवढ्यात मुलगा उतरला. तो हवेच्या यंत्राकडे जाईल असं मला वाटलं. तो गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेला आणि त्याने हात लावले.

"तुम्ही ढकला तेव्हा मी सोडतो," तो म्हणाला. "असंच ना?"

"असंच. जोर नको. लय सांभाळ."

बापलेकांनी गाडी हलवली. शेजारच्या रांगेतला एक पर्यटक फोनवर त्यांचं चित्रीकरण करत होता, आणि मुलाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत पेट्रोल गुळगुळलं. ताईंनी पुन्हा नळी धरली, पुन्हा हलवलं, पुन्हा धरली. तोंडाशी पेट्रोल दिसलं तेव्हा यंत्रावर पाच लिटर वीस होतं.

मी भागाकार दोनदा केला. "एकोणीस पॉइंट सहा."

"म्हणजे वीसच झाले," मुलगा म्हणाला. "बाबा, काय फरक पडतो?"

"तीन नारळांचा पडतो," काका म्हणाले.

काच पुसायला फडकं हवं म्हणून मुलाने डिकी उघडली, आणि आत बघतच राहिला. आत एक पोतं होतं. पोत्यात पंचवीस नारळ होते. काकूंचं हळदकुंकू मला तेव्हा समजलं. मुलगा उत्साहाने म्हणाला, "बाबा, हे बघा. हे वजन धरलं तर आकडा वर जाईल. परीक्षाच रद्द."

काका आले. त्यांनी एक नारळ उचलून हातात तोलला. "सोललेले आहेत," म्हणाले. "असोले असते तर विचार केला असता." मग नारळ परत ठेवून म्हणाले, "तूच म्हणालास ना, दुनियेसारखी चालवायची. दुनियेच्या डिकीत नारळ असतात."

त्यांनी चावी काढून मुलाच्या हातावर ठेवली. मुलाला ती घ्यावी की नाही ते कळेना. "मी भंगारात नाही देत," तो कसाबसा म्हणाला. "पण ही तुम्हाला चालवू पण नाही देणार."

"मग हिला दे," काकांनी माझ्याकडे बोट केलं. "हिचं वजन मला माहीत आहे."

अशी ती गाडी माझ्याकडे आली. काकांच्या अंगणात आता ऑटोमॅटिक उभी असते. काकू एसीत बसून माहेरी तीनदा जाऊन आल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अजून त्या पोत्याचा पश्चात्ताप दिसलेला नाही. नव्या गाडीत अ‍ॅव्हरेजचा आकडा समोरच पडद्यावर दिसतो. काकांनी त्यावर जुन्या गाडीतली चिकटपट्टी लावली आहे. "स्वतःचे मार्क स्वतः लावते," म्हणतात. "विश्वास कसा ठेवणार?"

दर वेळी टाकी भरली की मी त्यांना फोन करते. माझ्या हातात ती सोळा देते, कधी साडेसोळा. काका म्हणतात, "गाडी तीच आहे. तुझा पाय जड आहे. उजवी चप्पल काढतेस का?" मी काढते, आणि त्यांना सांगत नाही.

मागच्या आठवड्यात मला घाई होती. मुलीची परीक्षा होती, मागे रांग होती, आणि मी कटला समाधान मानलं. भागाकार केला तर अठरा. अठरा कधीच आले नव्हते. रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन मी काकांना फोन लावला आणि जरा तोऱ्यातच सांगितलं, "अठरा पॉइंट एक."

मग काकांनी हळूच विचारलं, "हलवलीस?"

"घाई होती, काका."

"अगं, परत जा," ते म्हणाले. "आणि परत जायचं अंतरही धर."

मुलीने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी गाडी वळवली. पंपावर ताई नळी घेऊन तशाच उभ्या होत्या. निघताना त्यांनी माझ्या टाकीचं झाकणही लावलं नव्हतं, मी परत येणार हे त्यांना ठाऊक असावं. मी एका बाजूला गेले, मुलगी कुणी बघत नाही ना हे पाहून दुसऱ्या बाजूला गेली, आणि आम्ही दोघींनी हात टेकले.

सोळा पॉइंट दोन आले.